पानाची तोंडं

तुम्ही अकरा दिवस गिळलेत. चुकून राहून गेले नाहीत, छापताना गळले नाहीत, गिळलेत. एवढा जाडजूड अहवाल, गुळगुळीत कागद, वर हिरव्या पानाचं चित्र, आणि आत बासष्टाव्या दिवसाच्या ओळीखाली थेट चौऱ्याहत्तरावा दिवस. मधले अकरा दिवस सूर्य उगवला नव्हता का? रोपं सुट्टीवर गेली होती का? मी त्या भट्टीत बसून, घाम पुसत, डोळे फोडत जे मोजलं ते काय स्वप्नात मोजलं?

हे सगळं मोजणीबाई मनातल्या मनात बोलली. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "चष्मा वर राहिलाय. वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

टेबलापलीकडे संस्थेचा उपप्रमुख बसला होता. त्याच्या माघारी सगळे त्याला 'इस्त्री' म्हणत, कारण त्याच्या सदऱ्याला आणि बोलण्याला कधी सुरकुती पडत नसे. "चारच ओळी आहेत हो," तो म्हणाला. "मीच वाचतो. 'दिवस त्रेसष्ट ते त्र्याहत्तर या काळात पानांवरच्या रंध्रांची मोजणी करताना व पानांचं तापमान घेताना माझ्याकडून पद्धतीची चूक झाली. सबब त्या नोंदी ग्राह्य धरू नयेत.' झालं. खाली तुमचं नाव."

"माझ्याकडून काय चूक झाली?"

"ते लिहिलेलंच नाही ना. तुमच्या सोयीसाठी मोघम ठेवलंय."

"आणि एवढं कशासाठी?"

"मंजुरी समितीतले एक म्हातारे गृहस्थ चौकस निघाले. आकडे बोट ठेवून वाचतात. त्यांनी विचारलं, मधले दिवस कुठे गेले? शुक्रवारी बियाण्याला मंजुरी मिळायची आहे. त्यांना काहीतरी सांगायला हवं."

"ग्रीनहाऊसचा कूलर बंद पडला होता म्हणून सांगा. पडलाच होता."

इस्त्री हसला. "कूलर बंद होता म्हटलं की पुढचा प्रश्न काय येईल?"

तिला ठाऊक होतं. पुढचा प्रश्न येणार, मग त्या उन्हात रोपांचं काय झालं?

"आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये," तो कागदाची कड बोटाने सरळ करत म्हणाला. "तुमच्याकडून पूर्वीही पानं उलटी धरली गेली होती ना? फाईलमध्ये आहे. माणूस आहे, चुकतो. शुक्रवारपर्यंत द्या. घाई नाही."

"आज बुधवार आहे."

"म्हणूनच म्हटलं, घाई नाही."

ती कागद घेऊन बाहेर आली, लांबलचक व्हरांड्यातून चालायला लागली, आणि जिन्याच्या पाचव्या-सहाव्या पायरीवर थबकली. कारण उलट्या पानांची गोष्ट कुठल्याही फाईलमध्ये नव्हती. ती कुणी कधी कागदावर उतरवलीच नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी ती फक्त दोन माणसांना ठाऊक होती: एक ती स्वतः, आणि दुसऱ्या डॉक्टरबाई. डॉक्टरबाई तेव्हा तरुण होत्या, त्यांना स्वतःची खोलीसुद्धा नव्हती. आता त्या संस्थेच्या प्रमुख होत्या, आणि अहवालावर पहिली सही त्यांची होती. मोजणीबाईने जिन्याचा कठडा धरला. लोखंड गार होतं. इतका वेळ ती ज्यांना मनात 'तुम्ही, तुम्ही' म्हणून झोडत होती त्यांना चेहरा नव्हता, एक इमारत होती, एक शिक्का होता. आता चेहरा आला, तोही ओळखीचा, डाव्या भुवईत जखमेची बारीक रेघ असलेला.

मोजणीबाईचं काम सांगायला सोपं आणि करायला डोळेफोड. पान घ्यायचं, त्याच्या खालच्या अंगाला नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळलं की त्यावर चिकटपट्टी दाबून ते अलगद सोलायचं आणि काचपट्टीवर चिकटवायचं. पानाची सगळी कातडी तिथे उमटते. मायक्रोस्कोपखाली धरलं की दिसतात बारीक बारीक तोंडं, प्रत्येकाला दोन ओठ, मधे फट. पुस्तकात त्यांना रंध्रं म्हणतात. पान या तोंडांनी हवा घेतं, आणि हवा घ्यायला तोंड उघडलं की आतलं पाणी उडून जातं. डॉक्टरबाईंनी घेवड्याच्या बीमध्येच असा काही फेरफार केला होता की त्याच्या पानाला तोंडंच कमी फुटावीत. साध्या पानाच्या एका चौकोनात वीस-बावीस, तर या पानाच्या तेवढ्याच चौकोनात नऊ-दहा. साधं रोप दोन झाऱ्या प्यायचं तिथे हे एका झारीत भागवायचं आणि शेंगा तेवढ्याच द्यायचं. यात खोटं काही नव्हतं. हे तिने स्वतः मोजलं होतं, हजारो काचपट्ट्यांवर, आणि तिला त्या रोपाचा इतका अभिमान होता की बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा ती सांगायची. बायका म्हणायच्या, अगंबाई, पानाला तोंडं असतात? आणि ती म्हणायची, असतात, पण बोलत नाहीत म्हणून बरं आहे.

तिला कुणी शिकवून या कामावर ठेवलं नव्हतं. ती संस्थेत काचेची भांडी धुवायला लागली होती. एक दिवस डॉक्टरबाई डोकं दुखतंय म्हणून मायक्रोस्कोपपासून उठल्या, ती बाजूला चंचुपात्रं विसळत होती, आणि त्या सहज म्हणाल्या, "बघ गं, तुला किती दिसतात." तिने बघितलं. पहिल्यांदा तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग धूसर हिरवं, मग एकदम ती तोंडं. अंगावर काटा आला. "सतरा," ती म्हणाली, "आणि काठावर एक अर्धं आहे. त्याचं काय करायचं?" डॉक्टरबाईंनी डोकं दाबायचं थांबवलं. त्यांच्या हाताखालच्या शिकलेल्या पोरांपैकी एकानेही कधी अर्ध्याची चौकशी केली नव्हती. जो तो आपापल्या मर्जीने ते धरायचा नाहीतर सोडायचा. "वरच्या आणि डाव्या काठावरचं धरायचं," त्या म्हणाल्या, "खालच्या आणि उजव्या काठावरचं सोडायचं. आणि हे आकडा बघायच्या आधी ठरलेलं असतं. मागाहून नाही." दुसऱ्या आठवड्यापासून भांडी धुवायला दुसरी बाई आली.

आणि मग ती उलट्या पानांची गोष्ट. पहिल्या महिन्यात तिने पानांच्या खालच्या अंगाऐवजी वरच्या अंगाचे ठसे घेतले. घेवड्याला तोंडं दोन्हीकडे असतात, पण वर कमी, खाली जास्त. आकडे इतके कमी आले की प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला, रोप साधलं म्हणून डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, कुणीतरी फळ्यावर मोठ्ठा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. तिसऱ्या आठवड्यात एक पान तिच्या हातातून निसटून टेबलावर उलटं पडलं, आणि शिरा वर आलेलं ते अंग बघून तिला कळलं, आपण इतके दिवस दुसरीच बाजू घेत होतो. कुणाला कळलं नसतं. आकडा सगळ्यांना हवा तसाच होता. ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई एकट्या असताना जाऊन सांगितलं. त्यांनी उठून फळा पुसला. बाकीच्यांना म्हणाल्या, "नेलपॉलिशची बाटली खराब निघाली, सगळं परत करायचंय." आणि तिला हळूच म्हणाल्या, "सांगायला आलीस. आता तू मोजणारी झालीस." त्या दिवसापासून ती डॉक्टरबाईंसाठी आगीत उडी मारायला तयार होती. ती जखमेची रेघ असलेली भुवई, तो ओला डस्टर, हे सगळं तिने एकोणीस वर्षं जपून ठेवलं होतं. आणि त्यांनी ते घडी करून इस्त्रीच्या हातात दिलं, हे घे, लागलं तर वापर.

घरी जायच्या रस्त्यावर उन्हाची तिरीप होती. चौकात सिग्नलला माणसं थांबली होती. एका दुकानाबाहेर कुणीतरी फरशीवर पाणी मारलं होतं आणि त्याची वाफ निघत होती. तिचं लक्ष नसलं तरी तिचे डोळे मोजत असत: खिडक्या, फूटपाथच्या फरश्या, समोरून येणाऱ्यांचे चष्मे. आज मोजता येईना. आज डोळ्यांपुढे ते अकरा दिवस येत होते. कूलरची मोटर जळाली, सुटा भाग येता येईना, आणि नेमकी त्याच आठवड्यात उन्हाची लाट आली. ग्रीनहाऊसमध्ये हवा चव्वेचाळीसवर गेली. इस्त्री एकदा दारापर्यंत आला आणि दारातूनच परत गेला. आत फक्त दोघं असत, पाणी घालायला माळी आणि मोजायला ती. साध्या रोपांची पानं घटाघटा पाणी पीत होती आणि तेवढंच हवेत फेकत होती. त्यांच्यावर तापमापक धरला की आकडा अडतीस यायचा. नव्या रोपांच्या पानांवर धरला की चव्वेचाळीस, पंचेचाळीस. पहिल्या दिवशी तिला वाटलं यंत्र बिघडलं. मग तिने मूल तापलंय का बघतात तशी हाताची मागची बाजू पानाला लावली. साधं पान ओल्या फडक्यासारखं गार. नवं पान उन्हात ठेवलेल्या डब्याच्या झाकणासारखं. काचपट्टीवर बघितलं तर त्या नऊच्या नऊ तोंडांनी आ वासलेला. जेवढी होती तेवढी सगळी उघडून ते पान स्वतःला गार करायला बघत होतं, आणि तोंडंच पुरत नव्हती. खाली कुंडीत माती ओली, पाणी भरपूर, आणि वर पान भाजतंय. तिला ते सोसवेना. सातव्या दिवसापासून फुलं गळायला लागली. ज्या शेंगा धरल्या त्या चपट्या, आत दाणा नाही.

मग कूलर दुरुस्त झाला. गारव्यात नवी फुलं आली, नव्या शेंगा भरल्या, आणि शेवटचं वजन काही फारसं वाईट आलं नाही. म्हणूनच तर ते अकरा दिवस गिळता आले. पण शेतात उन्हाळा दुरुस्त करायला कोण येणार होतं? तिने तेव्हाच इस्त्रीला सांगितलं होतं की बियाण्याच्या पोत्यावर एक ओळ छापा, कडक उन्हाच्या भागात पेरू नका. बाकी कुठेही पेरा, सोनं आहे. इस्त्री म्हणाला होता, बाई, तुमची ती एक ओळ म्हणजे अर्धी जमीन.

तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. ती आली तेव्हा तो एक भिंग दिव्यासमोर धरून बघत होता. तिने कागद त्याच्यापुढे टाकला. त्याने तो वाचला, मग भिंगातून परत वाचला.

"मोठा करून पण तसाच दिसतोय," तो म्हणाला. "सही केलीस?"

"नाही."

"करणार?"

"नाही."

"मग जेवायला वाढून घेऊ, की उपोषण पण आहे?"

"तुला गंमत सुचते."

"मला भीती वाटते, म्हणून गंमत सुचते." त्याने भिंग खाली ठेवलं. "एकोणीस वर्षं झाली. काढून टाकलं तर?"

"टाकतील."

"मग काय करणार?"

"तुझ्या दुकानात काचा घासीन."

"नको बाई. माझ्या काचांत चुका काढशील." त्याने भिंग फडक्याने पुसलं. मग म्हणाला, "तसं बघितलं तर चार ओळी आहेत. कोण वाचतंय."

"माझ्या भावाला ड्रायव्हरच्या नोकरीसाठी चष्म्याचा नंबर कमी लिहून दिला होतास तेव्हाही हेच म्हणालास. कोण वाचतंय."

"ते कशाला आता."

"त्याने गाडी कुठे घातली?"

"खांबावर."

"खांबावर माणूस नव्हता म्हणून तू सुटलास."

नवऱ्याने पडदा ओढला आणि आत जाऊन ताटं मांडली. जेवताना तो एवढंच म्हणाला, "तुला जे दिसलं ते मला दिसलेलं नाही. पण तुझे डोळे मी तपासतो दरवर्षी. त्यांत काही दोष नाही." तिला एकदम भरून आलं, आणि ते दाखवायचं नाही म्हणून तिने त्याच्यावर मीठ जास्त झाल्याचा आरोप केला.

भांडी घासताना तिला वडील आठवले. ते नगरपालिकेत पाणी सोडणारे होते. खांद्याएवढ्या उंचीची लोखंडी चावी घेऊन सायकलवर फिरायचे, रस्त्यातलं झाकण उघडायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे. इकडची वस्ती बंद, तिकडची चालू. तिची शाळा सुटली त्या वर्षी ती दुपारचा डबा द्यायला त्यांच्याकडे जायची. त्या उन्हाळ्यात वरून निरोप आला की टेकडीवरच्या बंगल्यांना पाणी कमी पडता कामा नये, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, आणि कुणी विचारलं तर पंप नादुरुस्त आहे म्हणायचं. वडिलांनी अर्धाच फिरवला. गल्लीतल्या बायका कोरड्या बादल्या घेऊन आल्या तेव्हा ते झाकणावर उकिडवे बसून म्हणाले, "पंप नादुरुस्त आहे." पंपाचा आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता, धडधड धडधड, अगदी व्यवस्थित. एका बाईने तिच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. ती बाई विचारल्यासारखी बघत होती, तू तरी सांग. तिने डब्याचं कडं घट्ट धरलं आणि नजर खाली घातली. घरी येऊन वडिलांना म्हणाली, पंप तर चालू होता. वडील हसले. वाईट माणूस नव्हता, हसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शब्दाला काय, पाणी लागतं का?" ते हसणं तिने त्यांना कधी माफ केलं नाही. त्यांच्या आजारपणात सगळं केलं, शेवटी पाणीही तिनेच पाजलं, पण ते हसणं तसंच टोचत राहिलं. आज ताटावरून हात फिरवताना तिला पहिल्यांदा असं वाटलं की आपण इतकी वर्षं वडिलांवर रागावून बसलो ते सोयीचं होतं. नजर खाली घातली होती ती कुणी? ती काही वडिलांनी घातली नव्हती.

गुरुवारी सकाळी ती आधी माळ्याकडे गेली. माळी नळीला गाठ पडली म्हणून नळीशी भांडत होता.

"कूलर बंद होता, हे लिहून द्याल का?"

"मला लिहिता येत नाही असं समजा."

"रोज पेपर वाचता की."

"वाचता येतं. लिहिता येत नाही. माझी दोन वर्षं राहिलीत, बाई." त्याने गाठ सोडवली, पाण्याची पहिली चिळकांडी स्वतःच्याच पायावर घेतली. "माझं नाव घालू नका. पण कुणी येऊन विचारलं की त्या दिवसांत पाणी किती घातलं, तर सांगीन. दोन्ही रोपांना सारखं घातलं, आणि नव्या रोपांच्या कुंड्या संध्याकाळपर्यंत ओल्या असायच्या. ते काही माझं मत नाही. ते पाणी आहे."

"तेवढं पुरे."

"पुरे कसलं. तुम्ही पेटलाय." तो जरा थांबला. "पेटा. मी पाणीवालाच आहे."

ती मोजणीच्या खोलीत गेली, दार लोटलं, खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. तिला मोठी भाषा येत नव्हती. इस्त्रीच्या कागदातला 'सबब' तिला कधी लिहिता आला नसता. तिने लिहिलं: माझ्याकडून चूक झालेली नाही. कूलर बंद होता, हवा चव्वेचाळीस होती, पानाची खालचीच बाजू घेतलेली आहे, ठशात शिरा दिसतात, कुणीही येऊन बघावं. मग तिच्या कच्च्या वहीतले अकराही दिवसांचे आकडे उतरवून काढले, साधं रोप एका रकान्यात, नवं दुसऱ्यात, शेवटी गळलेली फुलं. वहीच्या पानांवर घामाचे डाग होते. एके ठिकाणी आकडा पुसट झाला होता, तिथे तिने प्रामाणिकपणे 'पुसट' असं लिहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी आपण पहिल्या महिन्यात पानं उलटी धरली होती, तेही लिहिलं. इस्त्रीने ते हत्यार म्हणून समितीपुढे काढायच्या आत तिनेच ते टेबलावर ठेवून दिलं. शेवटी तिने पोत्यावरची ती एक ओळ लिहिली, आणि खाली सही केली. सही करताना तिला मौज वाटली. मोघम मजकुराखाली मागितलेली सही तिने स्वच्छ मजकुराखाली केली होती.

समितीचं कार्यालय तीन बसथांब्यांवर होतं. आवक घेणारा कारकून कान कोरत बसला होता.

"कोणाकडून?"

"मोजणाऱ्या व्यक्तीकडून."

"हुद्दा?"

"तोच."

"असा हुद्दा नसतो."

"नसतो, पण कामं तोच करतो. शिक्का मारा आणि 'मिळालं' असं लिहा. तुमच्या त्या म्हाताऱ्या साहेबांच्या हातात गेलं पाहिजे, बोट ठेवून वाचतात त्यांच्या."

कारकून हसला. "त्यांना सगळेच वैतागलेत," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

शुक्रवारी समितीची बैठक बाराला, संस्थेच्याच सभागृहात होती. अकरा वाजायच्या सुमाराला व्हरांड्यात चपलांचा आवाज आला आणि तिने तो मान न वळवता ओळखला, कारण डॉक्टरबाई एक पाय किंचित ओढत चालायच्या. त्या आत आल्या. कितीतरी वर्षांनी या खोलीत आल्या होत्या. भिंतीला लागून काचपट्ट्यांच्या लाकडी पेट्या रचलेल्या, छतापर्यंत. त्यांनी एका पेटीवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती.

"मला येऊन विचारायचं तरी होतंस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही इस्त्रीला पाठवलंत. मला वाटलं, तुम्हाला वेळ नसेल."

"काय म्हणालीस त्याला?"

"सगळेच म्हणतात."

डॉक्टरबाईंच्या ओठाचा कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर आला. त्या स्टुलावर बसल्या. "म्हाताऱ्याचा सकाळी सातला फोन आला. तुझं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. पूर्ण. उलट्या पानांसकट." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बघ, माझं ऐक. तीस वर्षं मी यात घातली. आज पोत्यावर तुझी ओळ छापली तर अर्ध्या जमिनीवर हे बी जाणार नाही. अर्ध्यावर जाणार नाही म्हटलं की वरचे लोक उरलेल्या अर्ध्यासाठीही थांबत नाहीत. काम बंद करतील. मग पुढचं रोप, जे कमी पाणी पिऊन उन्हातही टिकेल, ते होणारच नाही. एका ओळीपायी तू ते मारते आहेस. हे तुला कळतंय का?"

मोजणीबाईला ते कळत होतं. हेच तर वाईट होतं. समोर लबाड माणूस असता तर सोपं गेलं असतं. तिला डॉक्टरबाईंच्या हातावरचे नवे डाग दिसले, डोळ्यांखालची सूज दिसली, आणि मनात एक मऊ, ओळखीची हाक आली, जाऊ दे, यांच्यासाठी कर. ती हाक तिने नीट ऐकून घेतली आणि जागच्या जागी बसून राहिली.

"कळतंय," ती म्हणाली. "पण त्या उन्हाच्या भागात पुढच्या हंगामात कुणीतरी हे पेरणार. पाणी देणार, पाणी असूनही शेंग चपटी येणार, आणि त्यांना कळणारच नाही काय झालं. ते म्हणतील आपणच कुठेतरी चुकलो. तुमच्या पुढच्या रोपासाठी त्यांनी एक वर्ष द्यायचं, ते त्यांना न विचारता?"

"तू भावनेवर जातेस."

"भावनेवर तुम्ही गेलात. उलट्या पानांचं तुम्ही त्याला सांगितलंत. ती आपल्या दोघींची गोष्ट होती."

डॉक्टरबाईंनी हात मांडीवर उलटा-सुलटा केला. "दुसरं काही सुचलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका साधा होता की मोजणीबाईला रडू आलं असतं; पण ती उठली. पेट्यांपाशी गेली. एकोणसत्तरावा दिवस, नवं रोप, तिसरी ओळ. काचपट्टी कडेने धरून तिने ती उजेडात बघितली, मायक्रोस्कोपखाली सरकवली, दिवा लावला, आणि स्वतःची खुर्ची मागे ओढून बाजूला झाली.

"बसा," ती म्हणाली. "मोजा."

"मला बाराला आत जायचंय."

"बराच वेळ आहे. एक चौकोन."

डॉक्टरबाई बसल्या. चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू फिरवला, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. हात विसरला नव्हता. मग त्यांचे ओठ हलायला लागले. एका चौकोनाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला. त्या परत पहिल्यापासून मोजत होत्या.

"नऊ," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "सगळी उघडी."

"शिरा दिसतात का? बाजू कोणती आहे?"

"खालची."

"कुंडीत पाणी होतं, माळी सांगेल. पानाचं अंग चव्वेचाळीस-पंचेचाळीस होतं, ते मी हात लावून बघितलंय. तोंडं उघडी होती, ती तुम्ही आत्ता बघितलीत." मोजणीबाईने तो चार ओळींचा कागद मायक्रोस्कोपच्या बुडाशी ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं. "आता माझी चूक दाखवा. कोणता दिवस, कोणती पट्टी, कोणता चौकोन, सांगा. सापडली तर इथल्या इथे सही करते आणि परत या खोलीत पाऊल ठेवत नाही. नाही सापडली, तर तासाभराने सभागृहाच्या दारातून आत गेल्यावर तो म्हातारा बोट ठेवून विचारेल."

डॉक्टरबाईंनी डोळा भिंगावरून काढला नाही. काचेखाली बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"वर बघा," मोजणीबाई म्हणाली. "मी विचारतेय. काय सांगणार आहात तुम्ही त्याला?"